कावळा, फांदी आणि मंदावलेला संगणक

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ" ही म्हण आमच्या वाचकांपैकीं लहानांतील लहानासहि ठाऊक असेल. संस्कृतांत ह्यालाच काकतालीय न्याय असें म्हणतात. ताडावर कावळा येऊन बसतो, त्याच क्षणीं ताडाचें पिकलें फळ गळून पडतें, आणि खालून पाहणारा मनुष्य म्हणतो कीं, कावळ्यानें फळ पाडलें. फळाचा देंठ किती दिवस सुकत होता ह्याची चौकशी तो करीत नाहीं. कारण कावळा डोळ्यांस दिसतो व देंठ दिसत नाहीं. ही म्हण वर्गांत अनेक वेळां शिकवून व तिचा अर्थ उत्तरपत्रिकांत अनेक वेळां तपासूनहि आम्ही स्वतः गेल्या वर्षीं तिच्याच जाळ्यांत सांपडलों. ती हकीकत, व तिच्यांतून निघालेला पाठ, विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. विषय संगणकाचा आहे; परंतु ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनाहि तो अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

घडलेली गोष्ट

आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत आठ यंत्रें आहेत. त्यांपैकीं तिसऱ्या व पांचव्या क्रमांकाचीं यंत्रें एकाच दिवशीं घेतलेलीं व एकाच बनावटीचीं असून, त्यांत चित्रकामास उपयोगी पडणारें स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेलें आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनीं शाळेच्या जुन्या कोठीच्या जागीं ग्रंथालय कसें करतां येईल ह्याचा आराखडा काढण्याचें काम अंगावर घेतलें होतें. टेप लावून भिंती मोजण्यांत त्यांचे तीन शनिवार गेले. मग नकाशे काढण्याच्या एका प्रोग्रामांत त्यांनीं त्या इमारतीची त्रिमिति प्रतिमा उभी केली. खिडकी कोठें, कपाट कोठें, दुपारचें ऊन वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल कीं पाठीवर, हें सर्व ती प्रतिमा फिरवून पाहतां येत असे. येत्या शनिवारीं ती शाळासमितीपुढें ठेवावयाची होती.

मंगळवारीं संध्याकाळीं पांचव्या यंत्रावर सर्वांच्या शेवटीं जो विद्यार्थी बसला होता त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. हुशार, परंतु उनाड, अशी त्याची ख्याति; एकदां खेळांचा पेन ड्राइव्ह खिशांत घालून आणतांना तो आमच्याच हातीं सांपडला होता. बुधवारीं सकाळीं आम्हीं तें यंत्र उघडून पाहिलें, तों प्रतिमा फिरेना! माउस हलवावा, आणि सात-आठ सेकंदांनीं भिंत जागची हलावी. मोठें करून पाहूं जावें, तों पडदा पांढरा होऊन स्तब्ध राहावा. आदल्या दुपारीं हेंच चित्र पाण्यावर पान फिरावें तसें फिरत होतें. आम्हीं क्षणभरहि विचार केला नाहीं. शेवटीं कोण बसला होता? तो. पूर्वीं खेळ कोणीं आणला होता? त्यानें. झालें! त्याला बोलावून चार शब्द सुनावले, संगणकवर्गांत येण्यास मनाई केली, आणि त्याच्या वडिलांस एक चिठ्ठी शिपायाच्या हातीं पाठविली. तो इतकेंच म्हणाला, "सर, मी कांहीं केलेलें नाहीं." असें तर सर्वच म्हणतात, असें आमच्या मनांत आलें.

त्याच दिवशीं एका माहितगार गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, रॅम कमी पडत असेल, ती वाढवा; नाहीं तर यंत्रच बदला. रॅम म्हणजे काम चालू असतांना संगणक ज्या स्मरणशक्तीचा उपयोग करतो ती. ती विकत घेण्याच्या विचारांत आम्ही होतों. दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात तें हेंच.

गुरुवारीं मधल्या सुट्टींत त्याच वर्गांतील एक विद्यार्थिनी वही घेऊन आमच्याकडे आली. तिनें तीच फाइल तिसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली होती, व तेथें ती पूर्वींसारखीच सुरळीत फिरत होती. ती म्हणाली, "सर, फाइल बिघडलेली नाहीं. दोन्ही मशिनें सारखीं आहेत. मग पांचव्यांतच वेगळें काय झालें?" शनिवारचें काम तिसऱ्या यंत्रावर भागेल हें कळल्यामुळें आम्हांस हायसें वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर चौकशी तेथेंच थांबली असती. परंतु ती जागची हलली नाहीं. तिनें विचारलें, "आणि त्याचें काय, सर?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. "कोणीं केलें?" हें आम्ही विचारलें होतें, "काय झालें?" हें तिनें विचारलें. पहिल्या प्रश्नानें आरोपी मिळतो, दुसऱ्यानें कारण मिळतें. आणि कारण मिळण्यापूर्वीं आरोपी मिळाला तर तो बहुधा जवळ उभा असलेला कोणी तरी असतो. त्याच दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही तिच्यासह व आणखी दोघां विद्यार्थ्यांसह पांचव्या यंत्रापुढें बसलों. तेथें आम्हीं काय केलें तें सांगण्यापूर्वीं ड्रायव्हर ही वस्तु काय आहे हें समजावून देणें अवश्य आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर हा शब्द ऐकतांच मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो. परंतु संगणकाच्या परिभाषेंत ड्रायव्हर म्हणजे दुभाषी, असें समजणें अधिक सोयीचें. संगणकाला जोडलेला प्रत्येक अवयव, मग तें छपाईचें यंत्र असो, कॅमेरा असो, कीं ग्राफिक्स कार्ड असो, आपापली भाषा बोलतो. नकाशे काढणाऱ्या प्रोग्रामास ह्या सर्व भाषा येणें शक्य नाहीं. तो आपली मागणी एका ठराविक भाषेंत सांगतो: येथून तेथवर रेघ काढा, ह्या भिंतीवर छाया टाका. अशा ठराविक भाषांपैकीं ओपनजीएल ही १९९२ सालीं व डायरेक्टएक्स ही १९९५ सालीं प्रचारांत आली. प्रोग्रामची मागणी कार्डाला समजेल अशा रूपांत उतरवून देणें हें ड्रायव्हरचें काम. हा ड्रायव्हर कार्ड बनविणारे लोक लिहितात, आणि त्यांतील चुका सुधारण्यासाठीं, सुरक्षिततेसाठीं किंवा नव्या प्रोग्रामांशीं जुळवून घेण्यासाठीं त्याच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळीं काढतात. पुष्कळ वेळां ही नवी आवृत्ति रात्रीं आपोआप येऊन बसते, व मालकाला त्याचा पत्ताहि नसतो.

आतां अशी कल्पना करा कीं, एका न्यायालयांत साक्षीदार तेच आहेत, न्यायाधीशहि तेच आहेत, परंतु दुभाषी नवा आला आहे. तो चांगला असेल तर काम पूर्वीपेक्षां झपाट्यानें चालेल. तो एखाद्या शब्दाशीं अडखळत असेल तर काम रेंगाळेल. आणि कधीं कधीं असेंहि होईल कीं, दुभाषी चांगला असूनहि न्यायाधीशांचा त्याच्यावर विश्वास बसणार नाहीं, व ते स्वतःच कोश उघडून एकेक शब्द लावीत बसतील. तिन्ही प्रकारांत बाहेर बसलेल्या लोकांस इतकेंच दिसेल कीं, कामाची गति बदलली. ती कां बदलली हें आंत गेल्यावांचून कळणार नाहीं.

रेखाटनाच्या प्रोग्रामांवरच ह्याचा परिणाम विशेष कां होतो?

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढून तें हातानें बदलतां येतें हें १९६३ सालीं आयव्हन सदरलंड ह्यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत आपल्या स्केचपॅड नांवाच्या प्रोग्रामनें दाखवून दिलें. प्रकाश ओळखणारी लेखणी पडद्याला लावून ते रेघा ओढीत असत. त्यानंतर १९८२ सालीं ऑटोकॅड हा प्रोग्राम बाहेर पडला व लहान संगणकांवरहि नकाशे होऊं लागले. चित्रें जसजशीं गुंतागुंतीचीं झालीं तसतसा मुख्य प्रोसेसरवरील भार वाढत गेला, व चित्रकामासाठीं निराळा प्रोसेसर असावा हा विचार बळावला. १९९९ सालीं निघालेल्या जीफोर्स २५६ ह्या कार्डापासून अशा प्रोसेसरचें जीपीयू हें नांव सर्वतोमुखी झालें.

हा निराळा प्रोसेसर कां लागतो तें एका साध्या गुणाकारावरून कळेल. नेहमींच्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. चित्र सुरळीत फिरतें असें डोळ्यांस वाटण्यासाठीं तें एका सेकंदांत सुमारें ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे एका सेकंदांत १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग ठरवावे लागले! मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान गणित्यासारखा आहे. कोणतेंहि कठीण उदाहरण द्या, तो सोडवील. परंतु बारा कोटि सोप्या बेरजा त्याच्यापुढें टाकल्या तर तो थकून जाईल. ग्राफिक्स कार्ड हें केवळ बेरीज-गुणाकार येणाऱ्या हजारों मुलांच्या वर्गासारखें आहे. प्रत्येकानें थोडें थोडें केलें कीं, पाहतां पाहतां काम संपतें. पत्र लिहितांना किंवा हिशेब करतांना ह्या वर्गाची फारशी गरज पडत नाहीं. त्रिमिति चित्र फिरवितांना मात्र तो वर्ग सुटीवर गेला कीं, सारें ओझें एकट्या गणित्याच्या डोक्यावर येतें.

आम्हीं केलेली चौकशी

आमची चौकशी ज्या क्रमानें झाली तो क्रम येथें देतों. आजकाल बहुतेक घरांतील संगणकांवर विंडोज असते, म्हणून स्थळांचीं नांवें त्यांतील दिलीं आहेत.

पहिला प्रश्न असा कीं, सर्व यंत्र मंद आहे कीं एकच प्रोग्राम मंद आहे? सर्वच मंद असेल तर डिस्क भरली आहे काय, यंत्र फार तापतें काय, दुसरें कांहीं काम मागें चालू आहे काय, हें पाहावें. आमच्या पांचव्या यंत्रावर लेखन, हिशेब, फाइलींची नक्कल, सर्व कांहीं पूर्वीप्रमाणें चालत होतें. केवळ रेखाटनाचा प्रोग्राम मंद होता. एवढ्यानेंच रॅम विकत घेण्याची घाई करूं नये हें कळून आलें.

दुसरा प्रश्न: मंदपणा पहिल्याच वेळीं आहे कीं प्रत्येक वेळीं? नवा ड्रायव्हर आल्यावर कार्डासाठीं लागणारे कांहीं छोटे प्रोग्राम, ज्यांस शेडर म्हणतात, ते पुन्हां नव्यानें तयार करावे लागतात. पूर्वीं तयार करून ठेवलेले चालत नाहींत. त्यामुळें पहिल्या वेळीं प्रोग्राम रेंगाळला तर तो रोग नव्हे. प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडावा, व दुसऱ्या-तिसऱ्या वेळचें मोजमाप खरें धरावें. आम्हीं तीन वेळां घड्याळ लावून पाहिलें. तिन्ही वेळां तीच गत.

तिसरा प्रश्न: अलीकडे काय बदललें, व केव्हां? सेटिंग्जमध्यें विंडोज अपडेटच्या पानावर अपडेट हिस्टरी असते. तींत आलेल्या ड्रायव्हरांची यादी मिळते. डिव्हाइस मॅनेजरमध्यें डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स ह्या शीर्षकाखालीं कार्डाचें नांव असतें, व त्याच्या प्रॉपर्टीजमध्यें ड्रायव्हरची आवृत्ति व तारीख दिसते. येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ही तारीख ड्रायव्हर बनविणाऱ्यानें त्यावर घातलेली असते. तो आपल्या यंत्रांत कोणत्या दिवशीं आला ती नव्हे. विंडोजबरोबर येणाऱ्या पुष्कळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, ती अशासाठीं कीं कार्ड बनविणाऱ्याचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास त्याला अग्रमान मिळावा. ती तारीख पाहून "ड्रायव्हर फार जुना आहे" असें अनुमान करणारा मनुष्यहि कावळ्यालाच दोष देत असतो.

आमच्या यादींत ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर मंगळवारच्या रात्रीं आल्याची नोंद होती. त्या रात्रीं पांचवें यंत्र चालूच राहिलें होतें. वर्गाला कुलूप आम्हीच लावतों. तेव्हां तें कोणाच्या हयगयीमुळें चालू राहिलें हें सांगावयास नको. तिसरें यंत्र बंद असल्यामुळें त्याच्यांत जुनाच ड्रायव्हर होता.

मुलांनीं ताबडतोब "सांपडलें!" म्हणून टाळ्या वाजविल्या. परंतु पहिला कावळा सोडून दुसरा धरणें ह्याला शोध म्हणत नाहींत. मंगळवारीं संध्याकाळीं विद्यार्थी बसला, मंगळवारीं रात्रीं ड्रायव्हर आला, बुधवारीं सकाळीं यंत्र मंद झालें. ह्या दोन्ही गोष्टी मंदपणाच्या आधींच्या आहेत, आणि केवळ आधीं असणें हा दोघांच्याहि विरुद्ध सारखाच पुरावा आहे. म्हणून आम्ही पुढें गेलों.

चौथा प्रश्न: काम कोण करीत आहे? कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या परफॉर्मन्स ह्या भागांत मुख्य प्रोसेसरचें व, २०१७ पासून, ग्राफिक्स कार्डाचेंहि काम आलेखांत दिसतें. चित्र फिरवीत असतां आम्हीं तिकडे पाहिलें. मुख्य प्रोसेसरची रेषा डोंगरासारखी चढत होती, आणि कार्डाची रेषा उन्हाळ्यांतील ओढ्यासारखी सपाट पडली होती. हजार मुलांचा वर्ग रिकामा बसला होता व एकटा गणिती राबत होता!

अशी स्थिति दिसल्यास तीन कारणें क्रमानें तपासावीं. पहिलें, कार्डाचा ड्रायव्हर मुळीं बसलाच नसेल; तसें असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्यें कार्डाच्या नांवाऐवजीं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर असें नांव दिसतें. दुसरें, कित्येक संगणकांत, विशेषतः लॅपटॉपमध्यें, दोन ग्राफिक्स प्रोसेसर असतात, एक काटकसरीचा व एक जोरकस. प्रोग्राम चुकून काटकसरीच्याकडे गेला असेल. सेटिंग्जमध्यें सिस्टिम, डिस्प्ले व ग्राफिक्स ह्या क्रमानें गेल्यास कोणत्या प्रोग्रामनें कोणता वापरावा हें ठरवितां येतें. तिसरें, खुद्द प्रोग्रामच्या आंतील कार्ड वापरण्याची सोय बंद झाली असेल. हिला बहुधा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. ऑटोकॅडमध्यें ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा दिल्यास ती दिसते. फोटोशॉपमध्यें प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स भागांत ग्राफिक्स प्रोसेसर वापरण्याची खूण असते. आमच्या प्रोग्रामांत ही सोय बंद होती. आम्हीं ती चालू केली, प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडला, आणि ग्रंथालय पूर्वींसारखें फिरूं लागलें.

यंत्र सुधारलें, पण कारण?

येथें पुष्कळ लोक थांबतात. यंत्र चालू झालें, आतां आणखी काय पाहिजे? परंतु जिनें चौकशी सुरू केली त्या मुलीनेंच पुढचा प्रश्न विचारला: "पण सर, ती सोय बंद कोणीं केली?" आणि आमच्या लक्षांत आलें कीं, यंत्र निर्दोष झालें, तो मुलगा मात्र झाला नव्हता. त्यानेंच ती मंगळवारीं बंद केली असेल, असें म्हणण्यास अजूनहि जागा होती.

विज्ञानाच्या पुस्तकांत रॉबर्ट कॉख ह्यांचें नांव येतें. क्षयाचे जंतु १८८२ सालीं शोधून काढतांना त्यांनीं ते जंतु रोग्यांत आढळले एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. ते निरोगी प्राण्यांत घालून तोच रोग उत्पन्न होतो हेंहि दाखविलें. आमच्याजवळ तिसरें यंत्र निरोगी होतें. शनिवारीं समितीची सभा तिसऱ्या यंत्रावर पार पडली, व सोमवारीं सर्व वर्गासमक्ष आम्हीं त्याच यंत्रावर तोच नवा ड्रायव्हर मुद्दाम बसविला. दुसरें कांहीं एक बदललें नाहीं. नंतर रेखाटनाचा प्रोग्राम उघडला. तत्क्षणीं पडद्याच्या मध्यभागीं एक लहानशी चौकट आली. तींत अशा अर्थाचा मजकूर होता कीं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला आहे, सबब हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन तूर्त बंद केलें आहे. खालीं एकच बटण होतें: ओके.

ती चौकट पाहून आमचा चेहरा उतरला, कारण ती आम्हीं पूर्वीं पाहिली होती. बुधवारीं सकाळीं पांचव्या यंत्रावर तीच चौकट आली होती, आणि तींतील एक अक्षरहि न वाचतां आम्हीं ओके दाबलें होतें. न्यायाधीशांनीं नव्या दुभाष्यावर अविश्वास दाखविला, तसें प्रोग्रामनें केलें होतें. त्याची सूचनाहि त्यानें सभ्यपणें दिली होती. ती ऐकली नाहीं ती आम्हीं. त्या मुलाचा ह्या सर्व प्रकाराशीं कांहीं एक संबंध नव्हता.

आम्हीं त्याला संगणकवर्गांत बोलावलें आणि ज्या वर्गासमोर त्याला बोललों होतों त्याच वर्गासमोर आपली चूक कबूल केली. तो खालीं पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, तिसऱ्याचीहि सोय आतां चालू करायची ना?" आणि त्यानेंच ती चालू केली. पहिली चिठ्ठी शिपायाच्या हातीं गेली होती. दुसरी आम्ही स्वतः घेऊन त्याच्या घरीं गेलों. वडिलांनीं ती वाचून घडी घातली, आम्हांस चहा दिला व मुलाला हांक मारून ती त्याच्या हातीं ठेवली.

ह्यांतून घ्यावयाचें तें

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. गुरुवारीं आम्हीं उतावीळपणें नवा ड्रायव्हर काढून जुना बसविला असता, तरीहि बंद झालेली सोय आपोआप चालू झाली असतीच असें नाहीं. यंत्र मंदच राहिलें असतें, आणि आम्हीं म्हटलें असतें कीं, ड्रायव्हर निर्दोष, म्हणून मुलगा दोषी! ठिणगी विझविली म्हणजे लागलेली आग विझत नाहीं. कारण काढून टाकल्यानें परिणाम दर वेळीं जातोच असें नाहीं, म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती बदलण्यापूर्वीं व बदलल्यानंतर घड्याळ लावून मोजावें, आणि दोन्ही आंकडे वहींत लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारलें तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं. आणि पुन्हां बिघडलें म्हणजे आपण होतों तेथेंच असतों.

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी पाहूनहि मंदपणा न गेल्यास जुन्या ड्रायव्हरकडे परत जाण्याचा मार्ग आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्यें ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक ड्रायव्हर असें बटण असतें. तें फिकट दिसल्यास जुनी आवृत्ति यंत्रांत शिल्लक नाहीं असें समजावें, व ती कार्ड बनविणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावी. "तुमचे सर्व ड्रायव्हर क्षणांत नवे करून देतों" अशा जाहिराती करणाऱ्या अनोळखी ठिकाणांहून ड्रायव्हर कदापि घेऊं नये. त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे घरांत शिरतात. दुसरें असें कीं, ड्रायव्हर म्हणजे केवळ ग्राफिक्स कार्डाचाच नव्हे. कित्येक रेखाटनाचे व मांडणीचे प्रोग्राम उघडतांना नेमलेल्या छपाईयंत्राकडे कागदाच्या मापाची विचारपूस करतात. तें यंत्र बंद असेल किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला असेल तर प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसतो. क्षणभर दुसरें छपाईयंत्र नेमून पाहिलें म्हणजे ह्याचा उलगडा होतो. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडला आहे कीं बॅटरीवर आहे हेंहि पाहावें, कारण बॅटरीवर पुष्कळ यंत्रें आपला वेग आपणच कमी करतात.

हें वाचून कोणीं असा ग्रह करून घेऊं नये कीं, नव्या आवृत्त्या घेऊंच नयेत. त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात, व त्या नाकारणें म्हणजे दाराला कडी न लावतां निजणें होय. मात्र परीक्षेच्या किंवा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं त्या घेऊं नयेत. घेण्यापूर्वीं सिस्टिम रिस्टोरची खूण करून ठेवावी. आणि घेतल्यावर आपलें नेहमींचें एक काम करून वेळ मोजावा. आमच्या संगणकवर्गांत आतां प्रत्येक यंत्राजवळ दोऱ्यानें बांधलेली एक वही असते. काय बदललें, केव्हां बदललें व पडद्यावर काय मजकूर आला, तो मुलें तींत लिहितात. पांचव्या यंत्राच्या वहीचें पहिलें पान आम्हीं स्वतः लिहिलें आहे.

पालकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. घरांतील यंत्र बिघडलें कीं, शेवटीं हात लावणाऱ्या मुलावर आपण डोळे वटारतों. कधीं तें मूल खरोखर दोषी असेलहि. परंतु त्याला विचारण्यापूर्वीं यंत्राला विचारावें. तें खोटें बोलत नाहीं, रुसत नाहीं, आणि पुष्कळ वेळां त्यानें आपल्याला अगोदरच सांगितलेलें असतें. पडद्यावर येणारी चौकट वाचण्यास दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांच्या अभावीं आमच्या एका विद्यार्थ्याचे पांच दिवस अपमानांत गेले. ते दिवस आम्हांस त्याला परत देतां आले नाहींत. हा लेख वाचून दुसऱ्या एखाद्याचे वांचले तर तो लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.